१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक: गिरींना निवडून कोणी दिले, पहिल्या पसंतीने की दुसऱ्या?

नदीकाठ

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास आढळते की, व्ही. व्ही. गिरी हे दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आलेले आपले एकमेव राष्ट्रपती आहेत. माझी मुलगी सध्या या परीक्षांचा अभ्यास करते आहे. हे वाक्य वाचून तिने विचारले की, मग दुसरी पसंती नसती तर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले असते का? उत्तर देण्यासाठी आकडे समोर घेतले आणि प्रश्न वाटला त्यापेक्षा खोल निघाला.

या निवडणुकीत मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो आणि प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७ होते आणि विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. एकूण उमेदवार पंधरा होते. देशमुखांसह बाकीचे सगळे बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या, तेव्हा गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

तर प्रश्न असा की, ही निवडणूक नेमकी कशाने ठरली? मतदार कोण होते यामुळे, की मते कशी मोजली यामुळे? त्याच वर्षीच्या काँग्रेस फुटीचा इतिहास येथे येणारच, पण चर्चा शक्यतो मतदार आणि मोजणी यांच्याभोवती राहावी, ही विनंती.

जुना चष्मा

त्या वेळी मी पुण्यात महाविद्यालयात शिकत होतो आणि निकालाच्या दिवशी आमच्या वाड्यातली सगळी मंडळी एकाच रेडिओभोवती जमली होती. पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले, परंतु बहुमत रेड्डींच्या बाजूने गेले. त्या बहुमतात मोरारजी देसाई आणि स. का. पाटील होते याचे कोणाला नवल वाटले नाही. यशवंतराव चव्हाणही त्याच बाजूला गेले, याची मात्र महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली. त्यानंतरच्या घटना फार वेगाने घडल्या. मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि गिरींनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभे राहण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, अशा स्थितीत सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना हंगामी राष्ट्रपती व्हावे लागले.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून इंदिराजींची स्वतःची सही होती, आणि तरीही मतदानाच्या तोंडावर त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असे आवाहन केले. १६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मोजणी झाली.

आमच्या घरात मात्र ना गिरी ना रेड्डी, सगळ्यांचा जीव देशमुखांकडे होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांचा मान होताच. पण मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस म्हणून मराठी घरांतून त्यांच्याविषयी जे प्रेम होते, ते आज समजावून सांगणे अवघड आहे. ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर उभे होते. ते निवडून येणार नाहीत हे आम्हाला माहीत होते, तरी आकडा ऐकायचा होता.

अंकपट

नदीकाठ, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच तुमचे उत्तर आहे, फक्त वजाबाकी करायला हवी.

गिरी आणि रेड्डी सोडून उरलेल्या तेरा जणांची पहिल्या पसंतीची मते १,२१,२७४ भरतात. त्यांतली जवळजवळ सगळी देशमुखांची. बाकीच्या बारा उमेदवारांना मिळून ८,५०५ मते होती आणि त्यांतल्या पाच जणांना एकही मत नव्हते. आता पुढच्या पसंतीत ही मते कुठे गेली ते पाहा. गिरींची वाढ १८,५६२ आहे आणि रेड्डींची ९१,८७९. म्हणजे वाटण्यासाठी उपलब्ध असलेल्या मतांपैकी शंभरातली सुमारे ७६ रेड्डींकडे गेली आणि गिरींकडे जेमतेम १५.

याचा अर्थ काय? पहिल्या मोजणीनंतर दोघांत ८७,९६७ मतांचे अंतर होते आणि ते शेवटी १४,६५० वर आले. दुसऱ्या पसंतीने गिरींना जिंकवले असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, कारण त्यांना आवश्यक आकडा त्या टप्प्यावर गाठता आला. परंतु दुसऱ्या पसंतीचा खरा लाभ रेड्डींना झाला होता. ही निवडणूक आपल्याकडच्या लोकसभेसारखी, ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी या नियमाने झाली असती, तर गिरी ८७,९६७ च्या फरकाने आरामात निवडून आले असते आणि ती चुरशीची होती असे कोणी म्हटलेही नसते. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सरळ ‘नाही’ असे आहे. दुसरी पसंती नसती तर रेड्डी आणखी मागे राहिले असते.

मांडवीतीर

हे गणित पहिल्यांदाच असे मांडलेले पाहिले. अभ्यासाच्या पुस्तकांत हे यायला हवे.

काजवा

अंकपट, एक शंका आहे. १८,५६२ आणि ९१,८७९ यांची बेरीज १,१०,४४१ होते. तुम्ही म्हणता त्या १,२१,२७४ मधून १०,८३३ मते कमी पडतात. ती कुठे गेली? आणि ती रेड्डींना मिळाली असती तर निकाल बदलला असता का?

अंकपट

ज्या मतदारांनी पुढची पसंती लिहिलीच नाही, किंवा आधीच बाद झालेल्या उमेदवारांनाच लिहिली, त्यांची मते मोजणीतून बाहेर पडतात. पहिली पसंती लिहिणे सक्तीचे आहे, त्याशिवाय मतपत्रिका वैधच ठरत नाही. पुढच्या पसंती मात्र ऐच्छिक असतात.

ती सगळीच्या सगळी रेड्डींना दिली तरी ते ४,१६,२६० वर पोहोचतात. गिरींचे ४,२०,०७७ तसेच राहतात. अंतर ३,८१७ इतके लहान होते, पण मिटत नाही. रेड्डींना जिंकायचे असते तर बाकीच्यांच्या शंभर मतांपैकी किमान ८६ ते ८७ त्यांच्याकडे यायला हवी होती, आणि आली ७६.

उंबरठा

चर्चा छान चालली आहे, पण येथे ‘मते’ म्हणताना आपण सगळे मतांचे मूल्य सांगत आहोत, माणसे नव्हे, हे नव्या वाचकांसाठी स्पष्ट करावेसे वाटते.

राष्ट्रपतींना निवडणाऱ्या निर्वाचकगणात संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य असतात. नामनिर्देशित सदस्यांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना मत नसते. राज्याची लोकसंख्या भागिले विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांची संख्या, आणि त्याला पुन्हा हजाराने भागले की त्या राज्याच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य मिळते. देशातल्या सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की एका खासदाराचे मूल्य मिळते. त्यामुळे एकूण राज्यांचा आणि संसदेचा भार जवळपास समसमान राहतो.

१९६९ मध्ये एका खासदाराचे मत ५७६ चे होते. २०२२ मध्ये ते ७०० होते. आज महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, गोव्याच्या आमदाराचे २० आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७ आहे. म्हणून अंकपट यांचा १४,६५० हा फरक खासदारांत मोजला तर सुमारे पंचवीस खासदारांएवढा आहे. पूर्ण देशाच्या राष्ट्रपतिपदाचा निकाल एका मध्यम सभागृहात मावतील इतक्या माणसांवर ठरला.

अंकपट

उंबरठा, त्याहूनही कमी. निकाल फिरायला गिरींचे सव्वीस खासदार गैरहजर राहावे लागले असते हे खरे, पण बाजू बदलणारा खासदार एकीकडून वजा होऊन दुसरीकडे जमा होतो. तेरा खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना मत दिले असते तर ७,४८८ इकडून तिकडे गेली असती. गिरी ४,१२,५८९ आणि रेड्डी ४,१२,९१५. तेरा माणसे!

मांडवीतीर

उंबरठा यांनी गोव्याच्या वीस मूल्याचा उल्लेख केला म्हणून एक भर घालतो. १९६९ च्या निवडणुकीत गोव्याच्या आमदारांना मतच नव्हते. गोवा, दमण व दीव हा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. विधानसभा १९६३ पासून होती, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते, पण संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदात राज्यांच्या विधानसभा असे म्हटले असल्यामुळे आमचे आमदार निर्वाचकगणात बसत नव्हते. आमचा सहभाग फक्त खासदारांपुरता होता. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाल्यावर हा अधिकार मिळाला. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या आमदारांसाठी पुढे १९९२ मध्ये वेगळी घटनादुरुस्ती करावी लागली.

मतमूल्य लहान असल्याचे मला वाईट वाटत नाही, लोकसंख्येप्रमाणे ते योग्यच आहे. परंतु निवडून आलेली विधानसभा असूनही मतदार यादीत नाव नसणे ही गोष्ट वेगळी होती. मतदार कोण, हा प्रश्न मोजणीच्या कितीतरी आधी येतो.

सातपुडा

मला अंकपट यांच्या गणितात काही चूक दिसत नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अपुरा वाटतो. तेरा खासदार म्हणजे तेरा माणसांचा लहरीपणा नव्हे. प्रश्न असा आहे की, एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या शेकडो सदस्यांनी पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला डावलणे योग्य होते का? मतदारांनी त्यांना काँग्रेसचा माणूस म्हणून निवडून दिले होते. काँग्रेसने ठरावाद्वारे रेड्डींचे नाव निश्चित केले होते. अंतरात्म्याच्या आवाजाचे आवाहन ज्यांनी केले त्यांनी स्वतःच त्या उमेदवाराच्या अर्जावर सही केली होती. मला यात शिस्तीचा भंग दिसतो आणि पुढे कित्येक दशके आपल्या राजकारणाने त्याची किंमत मोजली असे माझे ठाम मत आहे.

गवतफुला

सातपुडा, तुमची तळमळ समजते, पण असहमती नोंदवते. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षांना सदस्यांवर पक्षादेश बजावता येत नाही. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हताच. तो १९८५ मध्ये आला आणि तोही या मतदानाला लागू होत नाही. संविधानाने राष्ट्रपतीला कोणा एका पक्षाचा प्रतिनिधी मानलेलेच नाही, मग त्याचा मतदार पक्षाला बांधलेला कसा असेल? काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांना पंतप्रधानांकडून पक्षादेश हवा होता आणि तो मिळाला नाही. मला तो नकार योग्य वाटतो, त्यामागचा हेतू कितीही राजकीय असो.

आपल्याच राज्याचे उदाहरण घ्या. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती आणि आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना होता. तरी शिवसेनेने प्रतिभाताई पाटील यांना मते दिली. मराठी माणूस राष्ट्रपती व्हावा ही भावना आघाडीच्या शिस्तीपेक्षा मोठी ठरली आणि त्या वेळी आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याला शिस्तभंग म्हटले असेल.

सातपुडा

२००७ मध्ये एका पक्षाने पक्ष म्हणून उघडपणे निर्णय घेतला. १९६९ मध्ये सदस्याने पक्षाचा निर्णय मतपेटीच्या आडून मोडला. या दोन्ही गोष्टी मला एका तराजूत घालवत नाहीत.

आगबोट

मी बरीच वर्षे अमेरिकेत आहे. २००० साली नोकरीनिमित्त फ्लोरिडात होतो. मतदार नव्हतो, पण अध्यक्षीय निवडणुकीचा तो नोव्हेंबर-डिसेंबर जवळून पाहिला. नदीकाठ यांचा ‘मतदार की मोजणी’ हा प्रश्न तेथे इतक्या ठळकपणे समोर आला होता की, तुलना करण्याचा मोह आवरत नाही.

तेथे नागरिक प्रत्यक्षात आपल्या राज्याचे इलेक्टर, म्हणजे अध्यक्षाला मत देणारे प्रतिनिधी, निवडतात. एकूण इलेक्टर ५३८ आणि विजयासाठी २७० लागतात. दोन राज्ये वगळता सगळीकडे राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. २००० साली फ्लोरिडाचे २५ इलेक्टर होते आणि ते ज्याला मिळतील तो अध्यक्ष होणार होता. सुमारे ६० लाख मतांतून रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश यांची अधिकृत आघाडी शेवटी ५३७ ठरली. देशभरात डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना पाच लाखांहून अधिक मते जास्त होती, तरी इलेक्टरांत बुश २७१ आणि गोर २६६ असा निकाल लागला. एका इलेक्टरने मतपत्रिका कोरी ठेवली होती.

आता १९६९ शी जोड पाहा. फ्लोरिडात तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते होती. त्या मतदारांना दुसरी पसंती विचारण्याची सोयच नव्हती. देशमुखांच्या मतदारांना भारतात विचारले गेले की, तुमचा उमेदवार येत नाही, मग उरलेल्या दोघांतला कोण हवा? नेडर यांच्या मतदारांना हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि त्यांची मते जिथल्या तिथे संपली. ५३७ च्या फरकापुढे ९७,४८८ लोकांची दुसरी निवड काय होती हे मतपेटीत कुठेच नोंदले गेले नाही. आपल्या निर्वाचकगणाच्या मोजणीबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आदर वाटला.

काजवा

तेथील पुनर्मोजणीत नेमके काय अडले होते? छिद्रांचा काहीतरी वाद होता असे अंधूक आठवते.

आगबोट

मतपत्रिकेवर उमेदवारासमोरचा लहानसा चौकोन टोचून पाडायचा असे. तो पूर्ण पडला नाही, एका कोपऱ्यावर लोंबत राहिला किंवा नुसता दबला, तर यंत्र ते मत वाचत नसे. हाताने मोजताना प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, निकष वेगळा लावला जाऊ लागला. पाम बीच काउंटीत तर उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आणि छिद्रे मधल्या एकाच रांगेत होती. त्यामुळे गोर यांना मत देऊ पाहणाऱ्या अनेकांनी चुकीचे छिद्र पाडले किंवा दोन छिद्रे पाडली. त्या एका काउंटीत पॅट ब्यूकॅनन या आणखी एका उमेदवाराला ३,४०७ मते पडली आणि त्याचे कारण ही मांडणी असल्याचे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला मोजणी थांबवली ती मुख्यतः याच मुद्द्यावर की, समान मतांना समान निकष लावला जात नव्हता, आणि नव्याने मोजायला वेळ उरलेला नव्हता. न्यायालयही पाच विरुद्ध चार असे विभागले होते.

पुढच्या वर्षी वृत्तसंस्थांनी मिळून त्या वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितल्याप्रमाणे चारच काउंटी पुन्हा मोजल्या असत्या तर बुश जिंकले असते, आणि संपूर्ण राज्यातल्या सगळ्या वादग्रस्त मतपत्रिका तपासल्या असत्या तर गोर थोडक्यात पुढे गेले असते, असे त्या पाहणीत दिसले. मतपत्रिका त्याच, मतदार तेच. निकाल मात्र कोणत्या मोजायच्या आणि कशा, यावर अवलंबून.

गवतफुला

आगबोट, हे वाचून अंगावर काटा आला. फक्त एक फरक नोंदवते. अमेरिकेतला इलेक्टर आणि आपला निर्वाचक यांची जात वेगळी आहे. तेथील इलेक्टरने लोकांचा कौल पोहोचवायचा असतो. २०१६ मध्ये सात जणांनी वेगळी मते दिली आणि २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा इलेक्टरांना बांधून ठेवण्याचा, दंड करण्याचा अधिकार आहे असा निर्णय दिला. आपल्या निर्वाचकाने स्वतः ठरवायचे असते. म्हणूनच आपल्याकडे पसंतीक्रम विचारण्याला अर्थ आहे.

उंबरठा

मोजणीच्या प्रत्यक्ष व्यवहाराबद्दल थोडे सांगतो, कारण या कामाशी माझा नोकरीत जवळून संबंध आला. खासदारांची मतपत्रिका हिरवी आणि आमदारांची गुलाबी असते, म्हणजे मूल्याची गल्लत होत नाही. मतदाराने पसंतीचा आकडा निवडणूक आयोगाने दिलेल्या पेननेच लिहायचा, स्वतःचे पेन चालत नाही. आकडा मराठी किंवा अन्य भारतीय भाषेतला, रोमन किंवा आंतरराष्ट्रीय कसाही चालतो, पण अक्षरी लिहिला की मत बाद. प्रत्येक राज्याच्या राजधानीत मतदान होते आणि मतपेट्या दिल्लीला संसद भवनात जातात. २०२२ मध्ये मतपेटीसाठी विमानात स्वतंत्र आसन आरक्षित करून अधिकारी ती शेजारी घेऊन गेले होते.

इतकी काळजी घेऊनही २०२२ मध्ये ५३ मते बाद झाली आणि त्यांत १५ खासदारांची होती. प्रत्येकी ७०० प्रमाणे ते १०,५०० होतात. त्या वर्षी द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ अशा मोठ्या फरकाने जिंकल्या, त्यामुळे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६९ सारखी चुरस असती तर कायदे करणाऱ्या पंधरा जणांना आकडा नीट लिहिता आला नाही म्हणून निकाल डळमळला असता. याची मला मनापासून खंत वाटते.

काजवा

मूल्यांचा विषय निघालाच आहे तर, १९७१ ची लोकसंख्या अजून का वापरतात? महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ हे मूल्य आजच्या लोकसंख्येशी जुळत नाही.

अंकपट

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसंख्येचा आधार १९७१ वर गोठवला आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन गांभीर्याने केले त्यांचे वजन घटू नये हा त्यामागचा विचार होता.

आमदारांची संख्या आहे तीच ठेवून २०११ ची जनगणना वापरली तर काय होईल ते मांडतो. महाराष्ट्र १७५ वरून ३९० वर जाईल, उत्तर प्रदेश २०८ वरून ४९६ वर. तमिळनाडू १७६ वरून ३०८ वर आणि केरळ १५२ वरून २३९ वर. आकडे सगळ्यांचेच वाढतात, पण आज महाराष्ट्र आणि तमिळनाडूचा आमदार जवळजवळ समान आहे, तो उद्या राहणार नाही. मुदत संपल्यानंतर जी पहिली चुरशीची निवडणूक होईल, तिच्यात या बदलाचा परिणाम उघड दिसेल.

मांडवीतीर

महाराष्ट्राचा त्यात लाभ आहे म्हणून आपण गप्प बसू नये असे वाटते. केरळने आपले काम चोख केले.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला अंकपट यांची वजाबाकी दाखवली आणि तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, तो येथे मांडते. दुसऱ्या पसंतीने रेड्डींचाच फायदा झाला असेल, तर देशमुख उभेच राहिले नसते तर काय झाले असते? त्यांची मते सरळ रेड्डींना गेली असती आणि निकाल बदलला असता का?

अंकपट

गणिताने पाहिले तर नाही. दुसरी पसंती मोजण्याचा अर्थच असा की, देशमुख रिंगणात नसल्याप्रमाणे ती मते पुन्हा वाटली गेली. शेवटचे ४,२०,०७७ आणि ४,०५,४२७ हे आकडे म्हणजे जवळजवळ सरळ लढतीचाच निकाल आहे. देशमुखांच्या उमेदवारीने मते फुटून रेड्डी पडले असे म्हणता येत नाही.

जुना चष्मा

अंकपट, गणित मान्य, पण येथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही.

देशमुख उभे होते म्हणूनच त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मिळवणे रेड्डींच्या बाजूला आवश्यक झाले. त्यासाठी निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. ती बोलणी झाल्याबरोबर जगजीवनराम आणि फखरुद्दीन अली अहमद यांनी त्यांना जाब विचारला आणि, पक्ष अशा पक्षांशी हातमिळवणी करणार असेल तर सदस्यांना मोकळेपणाने मत देऊ द्या, ही मागणी पुढे आली. इंदिराजींच्या आवाहनाला नैतिक आधार मिळाला तो येथे. सरळ लढत असती तरी रेड्डींना ती मते मागावी लागली असती, पण ती गाजावाजा न करता आपोआप येऊ शकली असती. ज्या ९१,८७९ मतांनी रेड्डी जवळ पोहोचले, ती मिळवण्याच्या खटपटीतच त्यांच्या स्वतःच्या पक्षातली पहिल्या पसंतीची मते निसटली. मोजणीची पद्धत मतदानानंतर लागू होते असे आपण समजतो, पण ती ठाऊक असल्यामुळे मतदानाआधीच माणसे वेगळी वागतात.

सातपुडा

जुना चष्मा, हे पटले. शिस्तभंगाबद्दलचे माझे मत कायम आहे, पण निजलिंगप्पांनीही त्या बोलण्यांत पक्षाला विश्वासात घ्यायला हवे होते.

गवतफुला

निकालानंतर न्यायालयात जे घडले ते कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक सदस्यांमध्ये वाटले गेले, हा त्यातला मुख्य आरोप होता. पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः न्यायालयात येऊन साक्ष देतात हे देशाने तेव्हा पाहिले. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. पुढे १९७४ मध्ये कायदा बदलून उमेदवाराला निर्वाचकांपैकी दहा सूचक आणि दहा अनुमोदक आवश्यक केले, आणि १९९७ मध्ये ते प्रत्येकी पन्नास झाले. निवडीला आव्हान द्यायलाही आता उमेदवार किंवा किमान वीस निर्वाचक लागतात. पंधरा उमेदवार आणि त्यांतल्या पाचांना शून्य मते, असे चित्र यामुळे पुन्हा दिसणे कठीण आहे.

काजवा

त्या पंधरांत पां. ना. राजभोज होते ना? १९५२ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर गेलेले शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते. त्यांना किती मते होती?

अंकपट

८३१. पन्नास सूचकांची अट तेव्हा असती तर ते उभेच राहू शकले नसते.

मांडवीतीर

गवतफुला यांच्या शेवटच्या मुद्द्यावर म्हणूनच माझा आक्षेप आहे. लहरी उमेदवारांना आवर घालताना राजभोजांसारख्या माणसालाही दार बंद झाले. यावर वेगळी चर्चा व्हायला हवी. नदीकाठ, तुम्ही सुरू करणार असाल तर गोव्याच्या त्या काळातल्या खासदारांची माहिती मी तेथे देईन.